‘मालकीचं’ ऑनलाईन दुकान आणि माझे २,०३,४२० रुपये

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. "म्हातारी माणसं फसायचीच" असं म्हणणारे लगेच येतील, म्हणून आधीच सांगतो. मी ५१ वर्षांचा आहे, बी.कॉम. आहे, दुकानाचं टॅली स्वतः बघतो. मोडीत आलेला हंडा हातात घेतला की बुडाला झाळकामाचा डाग किती वेळा दिलाय ते न बघता सांगतो. तरी ऑनलाईन दुकान काढायच्या नादात फसलो. घरी सौ.ला १,८०,००० सांगितलेत. तिने हे वाचलं तर वाचू दे, आता लपवायचाही कंटाळा आलाय.

ऑनलाईनचं खूळ २०२७ च्या कुंभमेळ्यामुळे डोक्यात शिरलं. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाचं पाणी घरी न्यायला लोकांनी आमच्याकडून एवढे गडू नेले की शेवटी शेजाऱ्याकडून उसने आणून विकले. तेव्हा कितीतरी जण विचारत होते, "कुरिअरने पाठवाल का?" आम्ही नाही म्हणायचो. या वेळी नाही म्हणायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला आधी विचारलं होतं, हे त्याच्या न्यायासाठी लिहितो. तो म्हणाला, "मामा, शॉपिफाय घ्या, तयार ऑनलाईन दुकान. महिन्याचं भाडं भरायचं, सर्व्हर-बिर्व्हर सगळं ते बघतात. नाहीतर वूकॉमर्स. ते फुकट आहे, पण होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, आणि देखभाल आपल्या गळ्यात." मला ‘भाडं’ हा शब्दच खटकला. आमचं दुकान पगडीचं. मालकाशी तीस वर्षं कोर्टकज्जा चाललाय. आता ऑनलाईनसुद्धा भाडेकरू व्हायचं?

आणि नेमकं हेच मी त्या माणसासमोर बोललो.

तो आधी गिऱ्हाईक म्हणून आला होता. तिशीतला, नीटनेटका, बोलणं गोड. एक ताम्हन आणि पळी-पंचपात्री घेतली, घासाघीस न करता रोख पैसे दिले. मग सहज विचारावं तसं, "काका, एवढा सुंदर माल, ऑनलाईन का नाही?" मी भाड्याचं रडगाणं गायलो. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. भाड्याचा गाळा आणि स्वतःची जागा यात फरक आहे की नाही? आपण तुम्हाला मालकीचं दुकान बांधून देऊ." हे वाक्य मीच त्याच्या हातात दिलं होतं. त्याने फक्त कल्हई करून परत केलं.

आता आमच्या धंद्याची खरी अडचण. आमचा माल वजनावर जातो. धातूचा भाव अधिक मजुरी, आणि भाव रोज हलतो. आज १ किलो ६५० ग्रॅमच्या कळशीची जी किंमत, ती पुढच्या आठवड्यात नसते. तो म्हणाला, तयार प्लॅटफॉर्मवर हे होतच नाही. शॉपिफाय कपडेवाल्यांसाठी, वूकॉमर्स ब्लॉगवाल्यांसाठी. तुम्हाला मॅजेंटो लागेल, त्यावर रोजच्या भावाचं खास सॉफ्टवेअर आपण लिहू. मी घरी जाऊन शोधलं. मॅजेंटो खरंच आहे, २००८ साली आलं, २०१८ मध्ये अडोबीने विकत घेतलं. नावं खरी निघाली, म्हणून माणूसही खरा वाटला.

मॅजेंटोला दणकट सर्व्हर लागतो आणि कायम एक जाणकार प्रोग्रॅमर हाताशी लागतो, हे त्याने सांगितलं नाही. ६४ वस्तूंच्या दुकानाला ते म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला दहाचाकी ट्रक. तुमच्याकडे शे-दोनशे वस्तू असतील आणि कुणी मॅजेंटोचं नाव काढलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि रोजच्या भावाचं म्हणाल, तर सराफांसाठी वूकॉमर्सवर तयार जोडण्या मिळतात. सोन्याचा दर बदलला की दागिन्याची किंमत आपोआप बदलते. तांब्याला तेच चाललं असतं. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

कोटेशन होतं १,४५,००० चं, वर १८ टक्के जीएसटी २६,१००. एकूण १,७१,१००. निम्मे आगाऊ, तीस टक्के डिझाईन पसंत पडल्यावर, वीस टक्के शेवटी.

आगाऊ रकमेसाठी त्याच्या ऑफिसात गेलो. गंगापूर रोडला, काचेचा दरवाजा, एसी, कागदी कपात चहा. (ते ऑफिस तासावर भाड्याने मिळतं, हेही नंतर कळलं. मालकीच्या गप्पा मारणाऱ्याचं!) त्याने बिल छापून समोर ठेवलं. चष्मा डोळ्यावर होता. घाई नव्हती. मी बिल वरून खालपर्यंत वाचलं.

त्या बिलावरचा जीएसटी नंबर चौदा आकड्या-अक्षरांचा होता.

जीएसटी नंबर पंधराचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७, मग पॅनची दहा अक्षरं, मग शेवटचे तीन. मी हा नंबर रोज पन्नास बिलांवर बघतो. वीस किलोच्या मालात काटा पन्नास ग्रॅमने हलला तर मला लांबून दिसतं. आणि इथे नाकासमोर एक अक्षर कमी, आणि मी म्हणतोय, "छान छापलंय बिल." घरी येऊन जीएसटीच्या सरकारी साईटवर नंबर टाकला असता तर एका मिनिटात कळलं असतं. लॉगिनसुद्धा लागत नाही. ते बिल अजून आहे. रात्री झोप लागली नाही की काढून मोजतो. दर वेळी चौदाच भरतात.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पैसे यूपीआयने द्यायचे ठरले, ८५,५५० म्हणजे लाखाच्या मर्यादेच्या आत. कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव. अंगठा थांबला माझा. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मिसेसचं खातं आहे, काका. फर्मच्या खात्याचं केवायसी अडकलंय." आता माझंच चालू खातं महिन्यापूर्वी केवायसीपायी आठ दिवस गोठलं होतं. उलट मला त्याची कणव आली. पिन टाकला. स्क्रीनवर नाव वेगळं दिसलं तर उठायचं, चहा अर्धा राहिला तरी.

पुढचं भराभर सांगतो. जूनमध्ये दुसरा हप्ता ५१,३३०. ‘एंटरप्राइझ सर्व्हर’चे वर्षाचे १८,०००. फोटो काढायचे १५० रुपयांप्रमाणे ६४ वस्तूंचे ९,६००. नवरात्राआधी जाहिरातीचे १५,०००. गणपतीत दुकान सुरू झालं. दिसायला देखणं होतं, हे कबूल करतो. समईचा फोटो तर असा आला होता की माझा मीच ओळखला नाही.

अकरा ऑर्डरी आल्या. २३,९४० रुपयांच्या. माल मी पाठवला. पैसे? "काका, गेटवेचं सेटलमेंट असतं, टी प्लस टू." म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाईन पैसे घेणारी कंपनी ते दोन दिवसांनी खात्यात टाकते. दोन दिवस झाले, बारा झाले. मग म्हणाला, तुमचं केवायसी व्हायला वेळ लागतो म्हणून टेस्टिंगपुरतं गेटवे माझ्या खात्याला जोडलंय, एकदम वळते करतो. म्हणजे माझी कळशी कोल्हापूरला, पैसे त्याच्या ‘मिसेस’कडे. पेमेंट गेटवेचं केवायसी तुमच्या पॅनवर आणि तुमच्याच बँक खात्यावर झाल्याशिवाय एक ताम्हनही विकायला काढू नका. टेस्टिंगला वेगळी सोय असते, खरे पैसे लागतच नाहीत.

कुरिअरची आणखी वेगळीच रड. त्याने सरसकट ८० रुपये लावून ठेवले होते. बरेच कुरिअरवाले खोक्याचं आकारमान धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. कळशीचं खोकं ३० बाय ३० बाय ३०. म्हणजे ५.४ किलोचे पैसे, आत माल पावणेदोन किलोसुद्धा नाही, बाकी हवा! पोकळ भांडी विकणाऱ्याने आधी हे गणित मांडावं, मग रंग-बिंग निवडत बसावं. हा तोटा मी वरच्या आकड्यात धरलेला नाही.

साईटवर ‘आजचा भाव’ असा एक रकाना होता. तीन आठवडे रोज सकाळी दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली की मी त्यात भाव भरायचो. किमती हलत नव्हत्या. मला वाटायचं, सर्व्हरला वेळ लागत असेल.

दसऱ्याला भाचा आला. गल्ल्यावर बसून त्याने साईट उघडली, उजवं बटण दाबलं, पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, काढला आणि दहा सेकंदांत म्हणाला, "मामा, हे मॅजेंटो नाही." जागोजागी ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ लिहिलेलं दाखवलं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स, तेच फुकटवालं. वरची थीम, म्हणजे साईटचा तयार साज, पैसे न देता उचललेली, कुलूप तोडलेली. अशा थीममध्ये मागचं दार उघडं ठेवलेलं असू शकतं, असंही म्हणाला. आणि तो भावाचा रकाना कशालाच जोडलेला नव्हता. नुसता रकाना! पोरगं हसलं नाही, हे त्याचे उपकार. त्याची आई मात्र हसली.

मी फोन केला, जरा आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचे ३४,२२० बाकी आहेत. ते आले की पासवर्ड देतो." धनत्रयोदशी तोंडावर आली होती. भांडी घ्यायचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दुसऱ्या दिवशी साईट उघडली तर पांढऱ्या पानावर एक ओळ, ‘अकाउंट सस्पेंडेड’. डोमेन, म्हणजे साईटचं नाव-पत्ता, त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या नावावर, गेटवे त्याच्या घरच्या खात्यावर. मालकीचं दुकान म्हणे. शॉपिफायचं भाडं भरलं असतं तर निदान भाडेपावतीवर माझं नाव असतं.

डोमेन स्वतः घ्या, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने. साधं नाव वर्षाला हजाराच्या आतबाहेर मिळतं.

मग पोलीस ठाणं. पहिल्या ठाण्यात दीड तास बसवून विचारलं, ऑफिस कुठे होतं? गंगापूर रोडला. मग तिकडच्या हद्दीत जा. तिकडे गेलो तर, पैसे कुठल्या खात्यातून गेले, दुकान कुठे? मग पहिल्याच ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवावाच लागतो. हे मी कागद काढून दाखवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, भांडीवाला आहे. तिसऱ्या खेपेला एकांनी कागद वाचले तरी, आणि म्हणाले, "साईट बनवून दिली ना त्याने? पैसे तुम्ही स्वतः दिले ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब आहे." दिवाणी! ज्याच्या दुकानाचा दिवाणी दावा तीस वर्षं चाललाय त्याला सांगताहेत. वर स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या. १४० रुपयांच्या काढून दिल्या, तर परत गेल्यावर ते साहेब बंदोबस्तावर आणि कागद कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. गेटवेवाले म्हणतात, आमचे व्यापारी तुम्ही नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, धंद्यासाठी घेतलं म्हणजे व्यावसायिक हेतू, तुम्ही ग्राहक कसे? स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणाऱ्याला कायद्यात वाट आहे, पण ती सिद्ध करायची आपणच. वकिलाने २,५०० घेऊन नोटीस पाठवली. ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून पाकीट परत आलं. एवढ्या दारांत एकानेही विचारलं नाही की त्याच खात्यात आणखी किती भांडीवाल्यांचे पैसे पडलेत.

आपल्या चुकीचंही सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला किंवा सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार पैसे गेल्या गेल्या, तासांच्या हिशेबात करायची असते, तरच समोरचं खातं गोठवता येतं. मी सहा महिन्यांनी जागा झालो. तोवर खात्यात काय राहणार?

आता भाच्याने दुसऱ्या डोमेनवर साधं दुकान लावून दिलंय, भाड्याचं. मालाची यादी दर महिन्याला सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडेल अशा साध्या फाईलीत, उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो. जुन्या नावाची कार्डं मात्र मी दोन हजार छापली होती, आणि निम्मी गिऱ्हाइकांच्या घरी पोचलीत. ते नाव मला परत हवंय. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, बघितलं, मालकाचं नाव झाकलेलं आहे, पण मुदत दिसते, ९ एप्रिल. त्यानंतरही सवलतीचे दिवस असतात, लगेच मोकळं होत नाही. मोबाईलमध्ये गजर लावून ठेवलाय. तो माणूस मुदत वाढवायला हजार रुपये भरतो का, बघू.