भूमिका-ताणाची चौदा विधानांची प्रश्नावली: वापरण्यापूर्वी पाहावे असे काही

नोकरीतील भूमिका-ताण, म्हणजे कामातील आपल्या भूमिकेमुळे येणारा ताण, मोजण्यासाठी रिझो, हाउस आणि लिर्ट्झमन या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेली प्रश्नावली आजही व्यवस्थापनाच्या प्रबंधांत सर्रास आढळते. भूमिका-संघर्षाची (परस्परविरोधी अपेक्षांमुळे होणारी ओढाताण) आठ आणि संदिग्धतेची (आपल्याकडून काय अपेक्षित आहे याची अस्पष्टता) सहा विधाने, आणि प्रत्येकापुढे ‘अगदी चूक’ ते ‘अगदी बरोबर’ अशी सात पायऱ्यांची श्रेणी, एवढाच तिचा पसारा असल्याने ती कामाच्या वेळेतही भरून घेता येते.

तिची अडचण विधानांच्या शब्दरचनेत आहे. संघर्षाची विधाने त्रासाच्या बाजूने लिहिलेली आहेत. उदाहरणार्थ, दोघा-तिघांकडून परस्परविरोधी सूचना मिळतात. संदिग्धतेची मात्र स्वस्थतेच्या बाजूने आहेत. आपल्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे हे मला ठाऊक आहे, अशा धर्तीची, आणि त्यांचे गुण नंतर आठातून वजा करून उलटे केले जातात (1 चे 7, 2 चे 6). समजा, प्रत्येक गोष्टीला होकार देणाऱ्या एखाद्या पर्यवेक्षकाने चौदाही विधानांपुढे 6 लिहिले, तर त्याची संघर्षाची सरासरी 6 येते आणि संदिग्धतेची, आठातून सहा वजा जाऊन, 2. अहवाल सांगतो की हा माणूस ओढाताणीत आहे, पण कामाबाबत निःशंक आहे. प्रत्यक्षात त्याच्या कामाविषयी आपल्या हाती काहीच लागलेले नसते. ट्रेसी आणि जॉन्सन यांनी 1981 मध्ये नेमकी हीच शंका उपस्थित केली होती: दोन वेगळे ताण मोजले जात आहेत, की दोन प्रकारची वाक्ये? माझ्या मते ही शंका गंभीर आहे, आणि ही प्रश्नावली वापरणाऱ्या प्रत्येकाने तिला उत्तर दिले पाहिजे.

आपल्याकडे उदय पारीक यांची 50 विधानांची, दहा प्रकारचे ताण मोजणारी प्रश्नावली प्रचलित आहे. तिच्यातील विधानांचा कल त्रासाकडेच असल्याने निदान ताणांची आपापसांत तुलना करताना हा घोटाळा होत नाही, मात्र होकाराच्या सवयीने सगळेच आकडे एकदम फुगू शकतात.

मराठी रूपांतर करताना विधाने नुसता ‘नाही’ जोडून उलटवू नयेत. ‘मला माझ्या अधिकारांची कल्पना नाही’ यापुढे ‘अगदी चूक’ निवडताना भरणारा हमखास अडखळतो. ‘हा निर्णय मी घ्यावा की साहेबांना विचारावे, याचा गोंधळ होतो’ हे वाक्य सरळ कळते. दोन्ही ताणांसाठी दोन्ही बाजूंची अशी विधाने मिसळून घेता आली, तर ही प्रश्नावली मी अवश्य सुचवेन. मूळ रूपातच वापरायची असेल, तर संघर्ष आणि संदिग्धता यांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी मांडून कोणता ताण अधिक, असा निष्कर्ष काढू नये.