कॅनन १५००डी आणि पन्नासची लेन्स : ढोलाच्या सरावात दोन महिने

लेक ढोलपथकात आहे. सराव नदीपात्रात, संध्याकाळी सातनंतर, दोन हॅलोजनच्या उजेडात. मोबाइलवरच्या प्रत्येक फोटोत तिचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) गायब. हात वर उगारलेला आणि हातात काहीच नाही! म्हणून भाच्याचा जुना कॅनन १५००डी कॅमेरा किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच येते ती लेन्स) अठरा हजारांना घेतला आणि पहिल्या दिवसापासून हट्टाने वरची चकती 'एम'वरच, म्हणजे सगळं आपणच हाताने ठरवायचं तिथेच, ठेवली.

पहिला आठवडा रडकुंडीला आले. शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/५०० सेकंद केलं की फोटो काळाकुट्ट. १/६० केलं की उजेड बरोबर, पण टिपऱ्याचा पुन्हा धूर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, आधीच ६४०० वर होता. आणखी वर नेलं की रवा सांडल्यासारखे दाणे.

मग एका रात्री वही घेऊन बसले. १८-५५ एमएमची किट लेन्स ५५ला झूम केली की तिचं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. ५.६, ४, २.८, २ अशा तीन पायऱ्या उतरायच्या. दर पायरीला उजेड दुप्पट. शटरच्याही ६० पासून ५०० पर्यंत तीनच पायऱ्या, तिथे दर वेळी उजेड निम्मा. म्हणजे २ पर्यंत उघडणारी लेन्स असली की काम झालं. ५० एमएम १.८ एसटीएम वापरलेली साडेपाच हजारांत मिळाली. वजन जेमतेम १६० ग्रॅम, पर्समध्ये मावते.

टिपरू आलं! त्याच्या टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टीसुद्धा दिसली.

या कॅमेऱ्याला चाक एकच आहे. ते नुसतं फिरवलं की शटर बदलतं. ॲपर्चर बदलायचं तर मागचं 'एव्ही'चं अधिक-उण्याचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि मग तेच चाक फिरवायचं. सरावलेल्यांना हे संथ वाटेल, मला मात्र सोयीचं पडलं. आपण नक्की काय बदलतोय हे बोटांनाच कळायला लागतं. फोकसचे नऊ बिंदू आहेत, पण अंधारात मधला तेवढा धरा, भरवशाचा तोच.

लेन्सबद्दल दोन गोष्टी. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, म्हणजे दृश्य जवळचं आणि अरुंद दिसतं, त्यामुळे अख्खं पथक काही मावत नाही. आणि १.८ वर जवळून काढलात तर डोळा स्पष्ट येतो, पण कान पुसट.

एकदा सरावानंतर आयएसओ तसाच ६४०० वर राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सारसबागेत चाळीस फोटो काढले, सगळे चुन्यासारखे पांढरे. सासूबाई म्हणाल्या, "धुकं होतं का गं?" आता घरी आले की आधी आयएसओ ४०० करते, मग चपला काढते.

ध्वज नाचवणारी मुलं अजून नीट येत नाहीत. ती पुढे-मागे धावतात आणि माझा फोकस मागच्या ताशावर जाऊन बसतो.