आयकोप वापरून पाहिल्यावर: वृद्धांच्या तपासणीचं एक चांगलं साधन

जागतिक आरोग्य संघटनेचं 'आयकोप' हे वृद्धांच्या एकात्मिक काळजीचं हस्तपुस्तक २०१९ मध्ये आलं. सोबत मोफत अ‍ॅपही आहे. वृद्धांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे साधन माझ्या रोजच्या वापरातलं आहे, म्हणून मनापासून लिहिते.

आजारांच्या फायली घरोघरी असतात. पण माणूस आधाराशिवाय उठतो का, त्याला नीट ऐकू येतं का, त्याचं मन कशात लागतं का, याची नोंद कुठेच नसते. आयकोप तिथूनच सुरुवात करतं. स्मरणशक्ती, हालचाल, पोषण, नजर, श्रवण आणि मनःस्थिती अशा सहा बाबींची प्राथमिक चाचणी होते. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे. तीन महिन्यांत नकळत तीन किलोंहून जास्त वजन उतरलंय का, भूक मंदावलीय का, हे विचारायचं. यासाठी महागडं उपकरण लागत नाही, आणि थोडं प्रशिक्षण मिळालं की आरोग्यसेविकाही हे करू शकते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती खुर्चीची चाचणी. हातांची छातीवर घडी घालायची आणि पाच वेळा उठून बसायचं. १४ सेकंदांत जमलं नाही तर सविस्तर तपासणी करायची. "आईंना काही त्रास नाही, सगळं स्वतःचं स्वतः करतात," असं एका घरी सूनबाई सांगत होत्या. तिसऱ्या वेळी उठताना आजींची घडी सुटली आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. मांड्यांमधली ताकद केव्हाच कमी झाली होती आणि त्या हातांच्या जोरावर निभावून नेत होत्या. लगेच व्यायाम सुरू केले, संडासात धरायला दांडा बसवून घेतला. एरवी हे कळतं ते पडून खुबा मोडल्यावर.

कुजबुजीची श्रवणचाचणी मात्र घरात घेणं अवघड जातं. पंखा, टीव्ही, पलीकडच्या खोलीतली बोलणी यांत निकालाची खात्री वाटत नाही. सगळं बंद करून घ्या, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी घ्या.

काळजी घेणाऱ्याचीही विचारपूस करायला हे पुस्तक सांगतं, त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण. "तुमची झोप होते का?" एवढं विचारलं तरी काही लेकीसुनांचे डोळे भरून येतात.

माझी खरी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. ऐकू कमी येतं म्हणून एका आजोबांना मी चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवलं, तर तिथे श्रवणतज्ज्ञाचं पदच नव्हतं. चाचणीत दोष सापडला आणि पुढे दार बंद, याचा मला फार राग येतो. जगात साठीपुढची माणसं २०२० मध्ये सुमारे १०० कोटी होती, २०३० पर्यंत ती १४० कोटी होतील, म्हणजे दर सहा जणांत एक. ऐंशीच्या पुढचे २०५० पर्यंत ४२.६ कोटी होतील असा अंदाज आहे. तरी नियोजनाच्या बैठकीत चर्चा खाटांचीच होते. नुसत्या वयाच्या आकड्यांवरून किती फिजिओथेरपिस्ट लागतील, किती श्रवणयंत्रं लागतील, कोणाला घरपोच मदत हवी, हे ठरत नाही. ते या चाचण्यांच्या नोंदी एकत्र केल्या तर ठरू शकतं. आज त्या नोंदी ज्याच्या त्याच्या फायलीत पडून राहतात. आपल्या भागाचं आरोग्य नियोजन ज्यांच्या हातात आहे त्यांनी त्या मागवून घ्याव्यात, आणि पदं भरताना समोर ठेवाव्यात.

हे साधन जरूर वापरा. सुरू करण्याआधी कान, डोळे, दात, आहार आणि मानसोपचार यांसाठी कोणाकडे पाठवायचं याची यादी करा, आणि तिथे फोन करून माणूस खरोखर बसतो का ते विचारून घ्या.