आईचा दमा: पावडरच्या मशीनऐवजी पंप आणि स्पेसर

आईचा दमा जुना. आधी तिच्याकडे कॅप्सूलचं मशीन होतं. कॅप्सूल घालायची, फिरवायची आणि जोरात ओढायची. यात गॅस नसतो, त्यामुळे पावडर छातीपर्यंत न्यायची ती आपल्याच श्वासाने. एरवी जमायचं, पण धाप लागली की ओढायला जोरच उरायचा नाही. नंतर उघडून पाहावं तर बरीचशी पावडर कॅप्सूलमध्येच. शिवाय आम्ही रत्नागिरीचे. पावसाळ्यात इथे पावडर ओल धरते.

मे महिन्यात डॉक्टरांनी तिला समोर बसवून ओढायला लावलं आणि मशीन बदलून गॅसवर चालणारा पंप दिला, सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. आता दिवाळी होऊन गेली.

पंपाचं तंत्र बरोबर उलटं: श्वास सावकाश, खोल. नुसत्या पंपात दाबणं आणि ओढणं एकदम साधावं लागतं, नाहीतर औषध घशावर बसतं. स्पेसरमुळे ती घाई संपली. पंप हलवायचा, एकच पफ सोडायचा, हळूहळू ओढायचं आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. आतली झडप हलताना दिसते, म्हणजे औषध जातंय हे मलाही कळतं.

पंप दोन आहेत. सालब्युटामॉलचा दम लागला की घ्यायचा. काही मिनिटांत छाती मोकळी होते, पण श्वासनलिकांची सूज तशीच राहते. त्यासाठी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरीही. पहिला आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला तर डॉक्टरांना दाखवायचं, हे आम्ही पक्कं ठरवलंय. नातेवाईक म्हणतात, पंपाची सवय लागते. नाही लागत. दुसऱ्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. फक्त नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

तक्रारी आहेतच. स्पेसर पर्समध्ये मावत नाही. धुतल्यावर फडक्याने पुसायचा नाही, कारण प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. श्रावणात तो वाळायला रात्र जायची. पंप घेताना डोस मोजणारा आकडा असलेलाच मागा. औषध संपल्यावरही गॅस सुटतच राहतो, हलवून काही कळत नाही.

शेजारच्या काकूंनी हाच पंप आणू का म्हणून विचारलं. त्यांना म्हटलं, आधी डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. तुमचा श्वास चांगला असेल तर पावडरचंच मशीन सोपं पडेल.