पोकरणच्या वाटेवरचा ढाबा

जैसलमेर ते जोधपूर हा सुमारे 280 किलोमीटरचा टप्पा म्हणजे आमच्या थर वाळवंटातल्या प्रवासाचा शेवटचा दिवस, आणि त्या दुपारी पोकरणच्या अलीकडे, खेजडीच्या झाडाच्या सावलीत खाटा टाकलेल्या एका छोट्या ढाब्यावर आम्ही दोघे जेवायला थांबलो. केर-सांगरीची भाजी अप्रतिम होती. सांगरी म्हणजे खेजडीच्याच वाळवलेल्या शेंगा. केर या वाळवंटी झुडपाची फळे मुळात कडू, म्हणून ती ताकात मुरवून घेतात आणि मग दोन्ही तेलात, आमचूर व सुक्या लाल मिरच्या घालून परततात, त्यामुळे ही भाजी प्रवासातही टिकते. चुलीवरून थेट ताटात आलेली बाजरीची भाकरी आपल्याकडच्या भाकरीपेक्षा जाड होती. मालकाने ती बोटांनी मध्यभागी दाबून त्या खळग्यात तूप ओतले आणि शेजारी गुळाचा खडा ठेवला. हिने तर दुसरी भाकरी नुसत्या लसणाच्या चटणीशी संपवली. स्वच्छतागृहात मात्र पाणी नव्हते, ही उणीव खरोखर गंभीर आहे. दर माफक आहेत. दुपारी दोनच्या आत पोहोचावे, कारण आमच्यानंतर आलेल्यांना केर-सांगरी मिळाली नाही.