२७ इंची सोडून ३४ इंची अल्ट्रावाइड घेतला, आठ महिने झाले, आता खरं खरं सांगतो

हा अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद मॉनिटर, मागवायच्या आधी दोन महिने माझा नुसता विचारच चालला होता आणि त्या दोन महिन्यांत मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम म्हणजे फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा ८० बाय ३४ सेंटीमीटर कापला आणि टेबलावर उभा करून ठेवला. आईने विचारलं हे काय, म्हटलं नवीन मॉनिटर आहे, अजून चालू व्हायचाय. पण त्या पुठ्ठ्यामुळेच डोक्यात प्रकाश पडला की ३४ हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या मापाचा आकडा जाम फसवा आहे. उंचीला तो माझ्या २७ इंचीएवढाच, साधारण साडेतेहतीस सेंटीमीटर, वाढतो तो फक्त आडवा, ६० चे ८०, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर, बास. त्यामुळे "मला मोठी स्क्रीन हवीय" एवढंच कारण असेल तर ३२ इंची साधा घ्या, तो उंचीलाही वाढतो. आणि २९ इंची अल्ट्रावाइडच्या वाटेला तर जाऊच नका, त्याची उंची २३ इंची साध्या मॉनिटरएवढी असते, २४ वरून त्यावर गेलात तर पैसे देऊन स्क्रीन बुटकी करून घेतल्यासारखं.

असो. घेतला. ३४४० बाय १४४० पिक्सेल, व्हीए पॅनल (एलसीडीचाच एक प्रकार), १५००आर कर्व्ह. हे १५००आर म्हणजे स्क्रीन दीड मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असल्यासारखी वाकवलेली, आकडा जितका कमी तितका बाक जास्त. पहिले दोन दिवस एक्सेलच्या रेघा वाकड्या दिसल्या, तिसऱ्या दिवसापासून साधे मॉनिटरच पोट सुटल्यासारखे दिसायला लागले.

आता गेमिंग, म्हणजे मुद्द्याचं. ज्या गेममध्ये नीट सपोर्ट आहे तिथे वरचं-खालचं जेवढं दिसायचं तेवढंच दिसतं आणि बाजूंना जास्तीचं उघडतं. साध्या १६:९ (रुंदी:उंची) मॉनिटरवर आडवा एफओव्ही, म्हणजे गेममध्ये दिसणाऱ्या दृश्याचा कोन, ९० अंश असेल तर इथे तोच साधारण १०७ होतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण फोर्झा होरायझन ५ मध्ये आतला कॅमेरा लावून बसलो तेव्हा बाजूने येणारी गाडी खिडकीतून आधी दिसली आणि मी खरंच मान वळवली राव. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये तर मी मिशनच करत नव्हतो, घोड्यावर बसून नुसता फिरत होतो, सकाळचं धुकं, लांबवर डोंगराची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अख्खा रविवार असाच गेला. सायबरपंक २०७७ रात्री पावसात, त्याबद्दल काही बोलतच नाही.

पण एक गोष्ट रिव्ह्यूवाले पटकन सांगत नाहीत. ते जे जास्तीचं दिसतं ना, ते कडेला ताणलेलं असतं. मधोमध उभा असलेला माणूस बारीक, तोच कडेला गेला की आडवा सुटलेला. ही मॉनिटरची चूक नाही, गेम तीन मितींचं जग सपाट चित्रावर मांडतो आणि कोन जितका रुंद तितकी कड ताणली जाते. त्यात एफओव्हीचा स्लायडर अजून वाढवलात तर विचारूच नका, मी उलट थोडा कमी केलाय.

दुसरं, एचयूडी, म्हणजे खेळताना स्क्रीनवर दिसणारी नकाशा-गोळ्या-हेल्थची माहिती. मिनीमॅप डाव्या कोपऱ्यात, गोळ्या उजव्या कोपऱ्यात, आणि दोघांमध्ये पाऊण मीटरचं अंतर. मारामारी चालू असताना हेल्थ बघायला डोळे पार त्या टोकाला न्यायचे तोवर इकडे मी मेलेलो. काही गेममध्ये एचयूडी मधे सरकवायची सेटिंग असते, ती नसली तर मग डोळ्यांचा व्यायाम फुकट.

आणि काळ्या पट्ट्या! एल्डन रिंग हा गेम १६:९ लाच बांधलेला, दोन्ही बाजूंना काळं. मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) आहेत त्यावर, पण ते चालवायला अँटीचीट (चीटिंग रोखणारा प्रोग्राम) बंद करावं लागतं, म्हणजे ऑनलाइन विसरा. व्हॅलोरंट हा ऑनलाइन शूटर पण तसाच, बाजूला पट्ट्या. कारण समजतं, एकाला जास्त दिसलं तर दुसऱ्यावर अन्याय. बरं, जिथे सपोर्ट आहे तिथेही कटसीन (मधे येणारा गोष्टीचा व्हिडिओ) आली की बऱ्याचदा पट्ट्या परत हजर. पीएस ५ कन्सोल जोडायचा विचार असेल तर तोही २१:९ (अल्ट्रावाइडचं रुंद चित्र) काढत नाही, मधला चौकोनच वापरणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, मॉनिटरचे रिव्ह्यू नंतर वाचा, आधी आपली गेमची लायब्ररी उघडून गेल्या वर्षभरात कोणत्या गेमला किती तास दिले ते बघा. तुमचे तीन-चतुर्थांश तास रँक्ड शूटरमध्ये (क्रमवारीसाठी खेळायचे गोळीबाराचे गेम) गेले असतील तर हा तुमच्यासाठी नाहीच. ती पोरं २४-२५ इंचीवर खेळतात ते काय उगाच नाही, अख्खी स्क्रीन एका नजरेत मावते. माझ्या यादीत मात्र निम्म्याहून जास्त तास भटकण्याच्या आणि गाड्यांच्या गेममध्ये होते, म्हणून मला पटला.

ग्राफिक्स कार्डाचा हिशोब पण करून ठेवा. जुन्या २७ इंचीचे २५६० बाय १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख पिक्सेल, हा नवा जवळपास ५० लाख, म्हणजे ३४ टक्के ओझं जास्त. माझ्याकडे जिथे ९० एफपीएस (सेकंदाला चित्रं) यायचे तिथे आता ७० च्या आसपास येतात. फोरके ८३ लाखांचा, त्यामानाने हा मधला रस्ता, पण कार्ड आधीच धापा टाकत असेल तर आधी कार्ड बघा.

व्हीए पॅनलबद्दल माझी तक्रार आहे ती आहेच. काळा रंग मस्त खोल दिसतो, पण अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की काळ्या वस्तूंमागे शाईचा बोळा फिरवल्यासारखा डाग ओढला जातो. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल वेगाने बदलायची सेटिंग) वाढवून बघितलं तर डाग कमी आणि कडांना पांढरी झाक जास्त, शेवटी मधल्या सेटिंगवर सोडून दिलं. ओएलईडी या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये हा त्रास नाही, पण मी दिवसभर त्याच स्क्रीनवर काम करतो, टास्कबार आणि त्याच त्या खिडक्या आठ-आठ तास एका जागी, बर्न-इनच्या (स्थिर चित्राचा कायमचा डाग पडण्याच्या) भीतीने हिंमत झाली नाही. कामाला मात्र भारी आहे हा, दोन खिडक्या शेजारी शेजारी, मधे फ्रेमची पट्टी नाही.

अजून एक, माझा स्वतःचा बावळटपणा. पहिला आठवडाभर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) वर काही जाईना, मी पॅनल खराब म्हणून परत पाठवायच्या बेतात, सगळं खोक्यात भरायला घेतलं तेव्हा तळाशी डिस्प्लेपोर्टची केबल सापडली, पिशवीसकट, न फोडलेली. मी जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल जुन्याच पोर्टमध्ये खुपसून बसलो होतो. केबल बदलली, १४४ चालू.

टेबल ६० सेंटीमीटरपेक्षा कमी खोल असेल तर मात्र आर्म (टेबलाला किंवा भिंतीला लावून मॉनिटर धरणारा हात) लागेलच, बरोबर आलेल्या स्टँडचे पाय इतके पसरट की कीबोर्ड पोटावर येतो.

जुना २७ इंची विकायला काढला होता, दोघं बघूनही गेले, पण भावाने ढापला, तो दिवसभर व्हॅलोरंट खेळतो त्याच्यावर. आणि आता सांगायला लाज वाटते पण रात्री मित्र रँक्ड खेळायला बोलवतात तेव्हा मी त्याला उठवून तिथेच जाऊन बसतो.