सॅम्पल एक, माल दुसरा: एअर रायफलच्या मॅगझिनमध्ये मी कसा फसलो

आधीच सांगून टाकतो, यात निम्मी चूक माझी आहे, कारण मॅगझिन विकणाऱ्या त्या माणसाची जाहिरात मीच करून दिली आणि तीही फुकट.

मी इंदूरचा, रामबागेत राहतो. चार वर्षांपासून .177 बोअरची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आहे, ताकद 20 जूलच्या आतली, म्हणजे लायसनची भानगड नाही. रविवारी आम्ही सहा-सात जण महूच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध आहे तिथे टार्गेट लावतो. आधी पोहे-जलेबी मग छर्रे, हा क्रम चुकत नाही. रायफलीसोबत एकच मॅगझिन, म्हणजे छर्रे भरायची डबी, आलं होतं, दहा छर्ऱ्यांचं गोल, आणि दुसरं ओरिजिनल घ्यायला गेलो तर दुकानदाराने 3200 सांगितले, तेही माल आला तर. एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीला!

तेवढ्यात ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, तो 1100 ला बनवून देतो म्हणे, ग्लास फिल्ड (काचेचे तंतू मिसळलेल्या) नायलॉनचं. फोनवर फार गोड बोलला. "भिया, दो पीस फ्री भेज रहा हूँ, ओरिजिनल से मिला के देखो, जो सच लगे वो सबको बताना." आता असं म्हटल्यावर कोण संशय घेईल? जाता जाता म्हणाला की .22 बंदुकीचं मॅगझिनपण आहे, लायसन-बिसन काही नको. तिथेच फोन ठेवायला हवा होता, कारण आर्म्स ॲक्टमध्ये बंदुकीचे पार्टसुद्धा 'आर्म्स'मध्येच मोजतात, जो हे असं सहज बोलतो तो बाकी काय खरं सांगणार. पण मला फुकटची दोन मॅग दिसत होती.

ती आली आणि खरंच चांगली होती. मी अगदी जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन बसलो. जाडीत ओरिजिनलपेक्षा फरक नाहीच म्हणायचा, खाचेत घातलं की टक करून बसायचं, पारदर्शक झाकण फिरवताना स्प्रिंगचा ताण एकसारखा, पहिला छर्रा उलट्या बाजूने घालून ड्रम (आतलं फिरतं चाक) अडवायचा असतो तोही न सटकता बसायचा. 25 मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात. मी सगळं लिहिलं, आईच्या क्रोशाच्या रुमालावर ओरिजिनल आणि हे शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढला, खाली लिहिलं "डोळे मिटून घ्या". हे वाक्य आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

मग आमच्यातल्यांनी मिळून नऊ मागवली, 9900 रुपये, माझ्याच यूपीआयवरून, त्याच्या पर्सनल खात्यात, बिल नाही. वीस दिवसांनी डबा आला, तीच डबी तेच स्टिकर, म्हणून मी उघडताना व्हिडिओसुद्धा काढला नाही आणि वाटून टाकली.

पहिल्याच रविवारी आमचे काका (वय 68, हात अजून दगडासारखा स्थिर) म्हणाले, "अरे, हे आत जाताना अडतंय." मी म्हटलं नवीन आहे, बसेल. छर्रा बॅरलमध्ये सरकवणारा बोल्ट पुढे ढकलला की करकर. शेवटी मॅगमधून छर्रा नुसता हळू ढकलून सळईने परत बाहेर काढला, तर त्याच्या कडेचं शिसं एका बाजूने सोललेलं, नखाच्या कातरणीसारखी पातळ चकचकीत चंद्रकोर खाचेत पडलेली. म्हणजे ड्रमचं भोक आणि बॅरल एका रेषेतच नाही. अशा छर्ऱ्याने ग्रुप (सगळे छर्रे जवळजवळ लागणं) कसला येतोय, कागदावर नुसते तीळ सांडलेले. एका पोराच्या मॅगचा ड्रम नीट फिरेचना, त्याला वाटलं छर्रा गेलाच नाही म्हणून पुन्हा बोल्ट मारला, दोन छर्रे एकामागे एक बॅरलमध्ये. हवा सोडून रॉडने काढेपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

मग नीट बघितलं. सॅम्पलवर साच्यातून निघाल्याचे बारीक गोल ठसे होते. या नऊवर नख फिरवलं की कंगव्यावरून फिरवल्यासारखं घर्र लागतं, म्हणजे थ्रीडी प्रिंट. आणि नायलॉन तर नाहीच, कारण मे महिन्यात माझं एक दुपारभर गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर संध्याकाळी उन्हातल्या पापडासारखं वाकडं. प्रिंटिंगचं स्वस्तातलं पीएलए साधारण 60 डिग्रीला नरम पडतं, बंद गाडीच्या काचेखाली इंदूरच्या उन्हात तेवढं होतंच.

फोन केला तर आधी "आपकी रायफल में दिक्कत है", मग "सॅम्पल और लॉट में थोड़ा फरक आता है भिया", मग ब्लॉक. 1915 वर कन्झ्युमर हेल्पलाइनला फोन लावला तर पहिला प्रश्न बिलाचा. पैसे देऊन माल आलाच नसता तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 ला कळवलं असतं, इथे माल तर आला होता, फक्त तो नव्हता.

तेव्हा घेणार असाल तर फुकट आलेल्या नगावरून काही ठरवू नका, माझ्यासारख्याच्या लिहिण्यावरून तर नाहीच. पैसे देऊन एकच मागवा, दुसऱ्याच्या नावाने मागवा, डबा उघडताना व्हिडिओ काढा, आणि निशाणा लावायच्या आधी एक छर्रा ढकलून बाहेर काढून त्याची कडा बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी सॅम्पलचं केलं होतं, लॉटचं केलं नाही.

सगळ्यांचे पैसे मी दोन हप्त्यांत परत केले. काकांनी घेतले नाहीत, ते मॅग त्यांनी की-चेनला लावलंय आणि दर रविवारी माझ्यासमोर टेबलावर ठेवतात.

गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरहून एका मुलाचा फोन आला. "दादा, तो क्रोशाच्या रुमालावरचा फोटो तुमचाच ना? त्यांनी मला पाठवलाय. घेऊ का?" मी म्हटलं अजिबात नको, पैसे दिलेस का? थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काल सहा पीसचे पाठवले."